डोळ्याला अचानक काही झाले तर केव्हा धुवावे, केव्हा झाकावे आणि केव्हा तत्काळ निघावे?

प्रश्न : सुरक्षा_समन्वयक

नमस्कार. आमच्या यंत्रशाळेत ग्राइंडिंग, वेल्डिंग आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने सुटे भाग धुण्याचे काम चालते. प्रथमोपचाराचा फलक नव्याने लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. भाजणे, कापणे, विजेचा धक्का बसणे यांविषयी काय लिहावे हे मला ठाऊक आहे. डोळ्यांच्या भागापाशी आल्यावर मात्र माझे काम अडले आहे. जुन्या फलकावर एवढेच लिहिलेले आहे की डोळ्यात काही गेल्यास डोळा स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. हे वाक्य प्रत्येक प्रसंगाला लागू पडत नसावे अशी मला शंका आहे, कारण डोळ्यात रुतलेल्या लोखंडी तुकड्यावर पाण्याचा मारा करणे योग्य असेल असे वाटत नाही.

डोळा कोणत्या प्रसंगी धुवावा आणि कोणत्या प्रसंगी त्याला हातही लावू नये, हे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसाने कसे ओळखावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. दुसरे असे, की आमच्याकडील बहुतेक जण दुखण्याच्या तीव्रतेवरून निर्णय घेतात. फार दुखत असेल तर रजा घेऊन जातात आणि दुखत नसेल तर पाळी संपेपर्यंत थांबतात. हा निकष कितपत खरा आहे? कामाशी संबंध नसलेल्या, घरी अचानक उद्भवणाऱ्या डोळ्यांच्या तक्रारींविषयीही कोणी लिहिले तर तो भाग मी फलकासोबतच्या माहितीपत्रकात घालीन.

उत्तर : नेत्रशल्यविशारद

आपली शंका रास्त आहे. डोळ्याच्या दोन सर्वांत गंभीर इजांमध्ये करावयाच्या गोष्टी एकमेकींच्या अगदी उलट आहेत. रसायन गेले असेल तर डोळा त्याच क्षणी, भरपूर पाण्याने आणि बराच वेळ धुवायचा असतो. डोळा भोसकला किंवा फुटला असेल तर त्याला पाणी लावायचे नसते आणि बोटही लावायचे नसते. म्हणून फलकावरचा पहिला प्रश्न ‘किती दुखते?’ असा नसावा. ‘डोळ्यात काय गेले आणि ते किती वेगाने आले?’ असा तो असावा.

आधी रसायनाविषयी सांगतो, कारण तेथे रुग्णाची दृष्टी बहुतांशी रुग्णालयात नव्हे, तर नळापाशी वाचते. आम्लामुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थराने आम्लाचा आत शिरण्याचा वेग काहीसा मंदावतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल मात्र याला अपवाद असून ते खोलवर शिरते. कॉस्टिक सोडा, चुना, अमोनिया, ओले सिमेंट यांसारखे अल्कली पदार्थ पेशींच्या आवरणातील स्निग्ध भाग विरघळवतात आणि पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक थर, भेदून काही मिनिटांत डोळ्याच्या आतल्या पोकळीपर्यंत पोहोचू शकतात. म्हणूनच अल्कलीची इजा सामान्यतः आम्लापेक्षा घातक असते. आपल्याकडे कॉस्टिक सोडा वापरला जातो, तेव्हा ही ओळ फलकावर ठळक अक्षरांत यावी.

धुण्याची रीतही नीट सांगावी लागते, कारण वेदनेने पापण्या इतक्या घट्ट मिटतात की पाणी गालावरून वाहून जाते आणि डोळ्याच्या आत पोहोचतच नाही. दुसऱ्या माणसाने बोटांनी दोन्ही पापण्या उघड्या धरल्या पाहिजेत, इजा झालेला डोळा खालच्या बाजूला येईल अशा रीतीने डोके तिरके ठेवले पाहिजे, म्हणजे दूषित पाणी दुसऱ्या डोळ्यात उतरणार नाही, आणि रुग्णाला वर, खाली, उजवीकडे, डावीकडे पाहायला सांगत राहिले पाहिजे. पाणी पिण्याजोगे स्वच्छ असले की पुरे. निर्जंतुक द्रावण शोधण्यात एकही मिनिट घालवू नये. डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स असेल आणि ती सहज निघत असेल तर काढावी, पण तिच्यासाठी धुणे थांबवू नये. किमान १५ ते २० मिनिटे सलग धुवावे. अल्कली असेल तर अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ धुवावे आणि शक्य असल्यास रुग्णालयाच्या वाटेवरही पाणी सोडत राहावे. चुना किंवा सिमेंट असेल तर त्याचे कण वरच्या पापणीखाली अडकून राहतात आणि तेथून हळूहळू विरघळत राहतात, त्यामुळे पापणी उलटवून ओल्या कापसाच्या काडीने ते टिपावे लागतात. एका गोष्टीची मनाई स्पष्ट शब्दांत करावी : अल्कली गेले म्हणून वर आम्ल टाकणे किंवा आम्ल गेले म्हणून सोडा टाकणे, असा उतारा कोणीही करू नये.

रुग्णालयात आम्ही लिटमससारख्या पट्टीने डोळ्याचा सामू (पीएच) तपासतो. तो ७ ते ७.४ च्या आसपास आला आणि धुणे थांबवल्यानंतर काही मिनिटांनी पुन्हा पाहिल्यावरही तेथेच स्थिर राहिला, तरच धुणे पुरेसे झाले असे मानतो. येथे एक फसवी खूण सांगणे आवश्यक वाटते. अल्कलीच्या इजेनंतर लालबुंद दिसणाऱ्या डोळ्यापेक्षा पांढराफटक दिसणारा डोळा अधिक चिंतेचा असतो. पारपटलाच्या कडेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्याच जळून गेल्यामुळे तो लाल होऊ शकत नाही, आणि पारपटलाला नवा पृष्ठभाग पुरवणाऱ्या मूळ पेशी त्याच कडेला असतात. ‘लाली नाही, म्हणजे विशेष काही नाही’ असा निष्कर्ष काढून अशा रुग्णाला परत पाठवले, तर पुढे त्याचे पारपटल कायमचे धूसर होण्याची शक्यता असते.

आता भोसकलेल्या डोळ्याविषयी. हातोड्याने छिन्नीवर घाव घालताना किंवा ग्राइंडिंग करताना उडालेला कण कधी कधी इतक्या वेगाने आत शिरतो की बाहेरची जखम टोचणीएवढी असते आणि आपोआप बुजूनही जाते. रुग्ण म्हणतो, की काहीतरी लागल्यासारखे वाटले, पण आता ठीक आहे. तो कण आतच राहिला तर काही दिवसांत तीव्र जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि लोखंडाचा असेल तर पुढील महिन्यांत त्याचा गंज दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या थराला, हळूहळू निकामी करतो. धातूवर धातू आपटत असताना डोळ्याला काही लागले असेल, तर दृष्टी चांगली असली तरी त्याच दिवशी तपासणी झालीच पाहिजे, आणि तेथे घडलेला प्रकार जसाच्या तसा सांगितला पाहिजे. धातूचा कण असण्याची शक्यता असताना एमआरआय करत नाहीत, कारण चुंबकामुळे तो कण डोळ्यात हलू शकतो. अशा वेळी सीटी स्कॅन करतात.

बाहुलीचा गोल आकार बदलून ती थेंबासारखी एका बाजूला ओढली गेलेली दिसणे, पांढऱ्या भागावर काळपट ऊती डोकावणे, डोळ्यातून अचानक पातळ पाणी वाहू लागणे किंवा मार लागल्याबरोबर दृष्टी खूप कमी होणे, यांपैकी काहीही आढळले तर डोळा फुटला आहे असे धरूनच वागावे. तुकडा बाहेर दिसत असला तरी ओढू नये. धुऊ नये, थेंब किंवा मलम घालू नये आणि पापणी जोर लावून उघडू नये. कागदी पेल्याचा तळाकडचा भाग कापून तो डोळ्यावर अशा रीतीने ठेवावा की त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल आणि डोळ्याला कशाचाही स्पर्श होणार नाही. मग तो चिकटपट्टीने बसवावा. रुग्णाला डोके उंच ठेवून न्यावे आणि त्याला खायला-प्यायला काहीही देऊ नये, कारण बहुधा भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागते. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे विचारून ठेवावे. फाटलेला डोळा शक्यतो २४ तासांच्या आत शिवला जावा असा प्रयत्न असतो. त्यानंतर आत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढत जातो.

अशा इजेत केवळ एकाच डोळ्याचा प्रश्न असतो असेही नाही. भोसकलेल्या डोळ्यातील आतल्या ऊती उघड्या पडल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती क्वचित त्याच प्रकारच्या ऊतींवर, म्हणजे निरोगी डोळ्यावरही, हल्ला करते. हे काही आठवड्यांनी घडू शकते आणि काही वर्षांनीही. अंधांसाठीची लिपी तयार करणारे लुई ब्रेल (१८०९–१८५२) यांच्या एका डोळ्याला वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या चामडीकामाच्या हत्याराने इजा झाली आणि पुढे दुसराही डोळा गेला. पाचव्या वर्षापर्यंत ते पूर्ण अंध झाले होते. त्यांच्या बाबतीत हेच घडले असावे, असे अनेक जण मानतात. आज ही गुंतागुंत फार विरळ आहे आणि तिच्यावर उपचारही आहेत, पण एका डोळ्याला इजा झालेल्या माणसाने पुढे कधीही दुसऱ्या डोळ्यात धूसरपणा, लाली किंवा उजेडाचा त्रास जाणवला तर ‘हा तर चांगला डोळा आहे’ असे म्हणून थांबू नये.

उत्तर : कारखाना_परिचारिका

वरील विवेचनात व्यवस्थेच्या बाजूने थोडी भर घालते. कॉस्टिक सोडा हाताळला जातो तेथे नळ जवळ असणे पुरेसे नाही, कारण त्या क्षणी माणसाला काहीही दिसत नसते. डोळे धुण्याचे कायमस्वरूपी केंद्र कामाच्या जागेपासून साधारण १० सेकंदांत पोहोचता येईल इतक्या अंतरावर आणि त्याच पातळीवर असावे. वाटेत पायरी, दार किंवा मालाचा ढीग नसावा. अमेरिकेतील एएनएसआय झेड३५८.१ या प्रचलित मानकानुसार अशा केंद्रातून मिनिटाला किमान १.५ लिटर पाणी सलग १५ मिनिटे वाहिले पाहिजे आणि ते कोमट, म्हणजे १६ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असले पाहिजे. पाण्याच्या तापमानाकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होते. थंडगार पाण्याखाली कोणीही पाव तास डोळा उघडा धरू शकत नाही आणि धुणे अर्ध्यावर सुटते. ते केंद्र दर आठवड्याला एकदा चालवून पाहावे, नाहीतर नळीत साचलेले गढूळ पाणीच आधी डोळ्यात जाते.

रसायनाच्या डब्यावरची चिठ्ठी किंवा सुरक्षा माहितीपत्रक रुग्णासोबत पाठवावे. रुग्णालयात पहिला प्रश्न त्याविषयीच असतो आणि ‘साफ करायचे काहीतरी होते’ या उत्तराचा कोणालाही उपयोग होत नाही.

वेल्डिंगविषयीही लिहावे. वेल्डिंगच्या चापाच्या (आर्कच्या) अतिनील किरणांनी पारपटलाचा वरचा थर भाजतो, पण त्रास लगेच जाणवत नाही; साधारण ६ ते १२ तासांनी, म्हणजे पुष्कळदा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही. वेदना असह्य असली तरी बहुधा एक-दोन दिवसांत डोळा पूर्ववत होतो. डोळा बधिर करणारे थेंब मात्र घरी वापरायला कोणी देऊ नयेत आणि कोणी मागूही नयेत. त्यांनी वेदना क्षणात थांबते, पण वारंवार वापरल्यास जखम भरत नाही आणि बधिर डोळा चोळला जाऊन पारपटल अधिकच खराब होते.

उत्तर : दृष्टितपासनीस

मी चष्म्याच्या नंबराची तपासणी करते. ‘दुखत नाही, म्हणून थांबलो’ हे वाक्य ज्यांच्या तोंडून ऐकावे लागते ते बहुतेक कारखान्यातील नसतात, तर घरातून आलेले असतात. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. त्यामुळे डोळ्याच्या आत घडणाऱ्या अतिशय गंभीर घटना मुळीच दुखत नाहीत, आणि दुखण्यावरून निर्णय घेण्याचा आपण सांगितलेला निकष तेथे पूर्णपणे निरुपयोगी ठरतो.

डोळ्यापुढे एखाददुसरा ठिपका किंवा धागा वर्षानुवर्षे तरंगत असेल तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु अचानक असंख्य काळे ठिपके किंवा काजळीसारखे कण दिसू लागणे, अंधारात डोळ्याच्या कडेला वीज चमकल्याचा भास होणे आणि त्यानंतर एखाद्या बाजूने काळी सावली सरकत येणे, ही दृष्टिपटलाला छिद्र पडल्याची आणि ते भिंतीपासून सुटू लागल्याची लक्षणे असू शकतात. पन्नाशी-साठीनंतर डोळ्यातील पारदर्शक गर आकसून दृष्टिपटलापासून सुटतो. हे वयानुसार होणारे आहे, पण ज्यांना त्या वेळी ही लक्षणे नव्याने जाणवतात त्यांच्यापैकी सुमारे १० ते १५ टक्के लोकांच्या दृष्टिपटलाला फाट पडलेली आढळते. मोठा उणे नंबर असणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असणे, डोळ्याला पूर्वी मार लागलेला असणे किंवा घरात कोणाला हा आजार झालेला असणे यांनी धोका वाढतो. नुसती फाट असताना लेझरने तिच्याभोवती कडे करून ती बंद करता येते आणि काम बाह्यरुग्ण विभागात उरकते. दृष्टिपटल सुटल्यावर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तिचे यश बरेचसे त्याचा मध्यबिंदू अजून चिकटलेला आहे की नाही यावर ठरते. वाचण्याची आणि चेहरा ओळखण्याची बारीक दृष्टी त्याच बिंदूत असते. म्हणून मधोमध अजून स्पष्ट दिसत असताना आलेला रुग्ण भाग्यवान असतो. त्याला पुढच्या आठवड्याची वेळ देणे मला अक्षम्य वाटते.

एका डोळ्याची दृष्टी काही सेकंदांत पूर्ण जाणे, तेही न दुखता, हा मेंदूच्या पक्षाघाताचाच एक प्रकार समजावा. दृष्टिपटलाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी बंद पडली की त्याच्या पेशी काही तासांतच कायमच्या मरतात. अशा रुग्णाने नेत्रतज्ज्ञाची वेळ मिळण्याची वाट पाहू नये. पक्षाघातावर उपचार होतात अशा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात थेट जावे आणि शेवटचे नीट केव्हा दिसत होते ती वेळ सांगावी. दृष्टी काही मिनिटांत परत आली तरीही जावे. डोळ्यावर पडदा येऊन तो आपोआप दूर होणे ही येऊ घातलेल्या पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते, आणि हा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत अधिक असतो.

वयस्क माणसांच्या बाबतीत आणखी एक विचारपूस आवर्जून करावी. पन्नाशीनंतर, विशेषतः सत्तरीच्या पुढे, कानशिलात नव्याने डोकेदुखी सुरू झाली असेल, केस विंचरताना डोक्याची त्वचा दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल आणि त्यातच दृष्टी अंधुक झाली असेल, तर कानशिलाच्या धमनीचा दाह असण्याची शक्यता असते. त्यात एक डोळा गेल्यावर उपचारांवाचून दुसराही काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाऊ शकतो. म्हणून दाट शंका असल्यास डॉक्टर स्टेरॉइड लगेच सुरू करतात आणि धमनीचा तुकडा तपासायला नंतर पाठवतात.

तक्रार एका डोळ्यात आहे की दोन्ही, हे पुष्कळांना सांगता येत नाही, कारण चांगला डोळा उणीव भरून काढतो. एकेक डोळा तळहाताने झाकून समोरच्या दाराची चौकट पाहावी; तिचा कोणता भाग दिसत नाही ते कळते. दोन्ही डोळे झाकूनही चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसत राहिल्या, त्या वीस-तीस मिनिटांत पसरत जाऊन विरल्या, तर तो बहुधा अर्धशिशीचा प्रकार असतो. आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल तर मात्र तपासून घ्यावे.

पूरक प्रश्न : सुरक्षा_समन्वयक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन शंका उरल्या आहेत. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की कोणत्याही इजेत डोळ्यावर कापूस ठेवून घट्ट पट्टी बांधावी, म्हणजे रक्त थांबते. दुसरे, डोळा नुसता लाल झाला असेल तर काळजीचा लाल आणि साधा लाल कसा ओळखावा? आणि आमच्यातील काही तरुण कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात, त्यांच्यासाठी वेगळे काही लिहावे काय?

उत्तर : नेत्रशल्यविशारद

घट्ट पट्टी बांधण्याचा सल्ला कृपया फलकावर येऊ देऊ नका. डोळा फुटलेला असेल तर त्या दाबाने आतील ऊती बाहेर ढकलल्या जातात. पापणी कापून रक्त येत असेल तर कपाळाच्या किंवा गालाच्या हाडावर दाब द्यावा, डोळ्याच्या गोलावर कधीही देऊ नये. चेंडू किंवा ठोसा लागून बाहुलीपुढे रक्ताची पातळी साचलेली दिसली तर डोके उंच ठेवून लगेच यावे आणि अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी स्वतःहून घेऊ नये, कारण पुढील काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याचा संभव असतो आणि तो पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो. मार लागल्यावर एकाचे दोन दिसत असतील तर डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडलेले असू शकते. अशा माणसाने नाक शिंकरू नये, शिंकरलेली हवा मोडलेल्या हाडातून डोळ्यामागे शिरते.

लाल डोळ्याविषयी तीन गोष्टी विचाराव्यात : दृष्टी कमी झाली आहे काय, आतून दुखते आहे काय आणि उजेड सहन होत नाही काय. यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर त्याच दिवशी तपासणी व्हावी. डोळे आले असतील तर चिकटा येतो, खाज सुटते, डोळ्यात काहीतरी खुपल्यासारखे वाटते, पण चिकटा पुसून पापण्यांची उघडझाप केली की पुन्हा स्वच्छ दिसते. न दिसल्यास केवळ डोळे आले आहेत असे समजू नये. पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग दिसला, पण दुखत नाही आणि दृष्टी उत्तम आहे, तर तो डाग पाहणाऱ्याला घाबरवतो इतकेच. खोकला, शिंक किंवा जोर लावण्यामुळे वरवरची केशिका फुटलेली असते आणि एक-दोन आठवड्यांत रक्त शोषले जाते. मार लागून डाग आला असेल किंवा माणूस रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल तर मात्र तो दाखवावा. घरात उरलेले जुने थेंब घालू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यांत स्टेरॉइड असेल आणि डोळ्याला नागीण किंवा बुरशीचा संसर्ग झालेला असेल, तर लाली कमी होऊन बरे वाटते आणि आत पारपटल झपाट्याने खराब होत जाते.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखू लागला तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो पारपटलाचा जंतुसंसर्ग मानावा. स्यूडोमोनास नावाचा जीवाणू एक-दोन दिवसांत पारपटल पोखरू शकतो. लेन्स ताबडतोब काढावी, पण ती आणि तिची डबी टाकून देऊ नये. सोबत आणावी, कारण त्यांतून जंतू ओळखता येतात. डोळ्यावर पट्टी बांधू नये. मिटलेल्या, उबदार डोळ्यात जंतू अधिक वाढतात. लेन्स नळाच्या पाण्याने धुण्याची किंवा ती घालून पोहण्याची सवय असलेल्यांना अकांथअमीबा या सूक्ष्म जीवाचा संसर्ग होऊ शकतो आणि त्यावरचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. यंत्रशाळेत लेन्स घातली असली तरी वरून सुरक्षा चष्मा लागतोच, हेही लिहावे.

नुकतीच मोतीबिंदूची किंवा अन्य कोणती शस्त्रक्रिया झालेली असेल त्यांच्यासाठी एक ओळ स्वतंत्र ठेवावी. शस्त्रक्रियेनंतर दुखणे दिवसेंदिवस कमी आणि दृष्टी दिवसेंदिवस स्वच्छ झाली पाहिजे. विशेषतः पहिल्या आठवड्यात, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांतही, याच्या उलट घडू लागले तर रात्र असली तरी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे, कारण डोळ्याच्या आतील संसर्गात प्रतिजैविकाचे इंजेक्शन थेट डोळ्यात देण्यास काही तासांचा उशीरही महाग पडतो.

उत्तर : रुग्णाची_मुलगी

माहितीपत्रकात काचबिंदूच्या अचानक येणाऱ्या झटक्याचा उल्लेख अवश्य करावा, कारण तो डोळ्याचा आजार आहे असे पुष्कळदा कोणाच्या लक्षातच येत नाही. माझ्या आईला संध्याकाळी अर्धे डोके असह्य दुखू लागले आणि उलट्या सुरू झाल्या. ज्या दवाखान्यात आम्ही प्रथम गेलो तेथे ते पित्त समजून उलटी थांबवण्याचे औषध देण्यात आले. दिव्याभोवती रंगीत वलये दिसत असल्याचे तिने सांगितले होते, एक डोळा लालही होता, परंतु उलट्यांच्या गडबडीत त्याकडे कोणी पाहिले नाही. नंतर नेत्ररुग्णालयात डोळ्याचा दाब ५८ भरला. तो सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. शिरेतून औषध, थेंब आणि पुढे दोन्ही डोळ्यांत बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला लेझरने सूक्ष्म छिद्र, एवढ्यावर तिची दृष्टी बरीचशी वाचली.

ज्यांचा नंबर अधिक (प्लस) चिन्हाचा असतो, म्हणजे जवळचे पाहण्यासाठी लहानपणापासून भिंगाचा चष्मा लागतो, अशा पन्नाशीपुढच्या लोकांमध्ये, त्यातही स्त्रियांमध्ये, हा धोका अधिक असतो, असे आम्हाला तेथे समजावून सांगण्यात आले. डोळ्यातील पाणी वाहून जाण्याचा कोन त्यांच्यात मुळात अरुंद असतो, आणि अंधारात किंवा सर्दीच्या काही औषधांनी बाहुली मोठी झाली की तो पूर्ण बंद होऊ शकतो. उलटी आणि डोकेदुखी असलेल्या माणसाच्या दोन्ही बाहुल्यांवर एकदा उजेड टाकून पाहावे. लाल डोळ्याची बाहुली अर्धवट मोठी होऊन थिजलेली असेल तर पोटाच्या औषधाने वेळ घालवू नये.

उत्तर : कारखाना_परिचारिका

आपण माहितीपत्रक घरोघरी देणार आहात, म्हणून लहान मुलांविषयीही थोडे लिहिते. सर्दी किंवा सायनसच्या दुखण्यानंतर पापणी सुजून ताप आला, डोळा पुढे आल्यासारखा दिसू लागला किंवा तो हलवताना मूल रडू लागले, तर संसर्ग डोळ्याच्या खोबणीत शिरलेला असू शकतो. अशा मुलाला रुग्णालयात दाखल करून शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. सुजलेली पापणी शेकत घरी बसू नये. छायाचित्रात एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पुन्हा पुन्हा पांढरी दिसत असेल, तर तो दृष्टिपटलाच्या कर्करोगाचा संकेत असू शकतो. ही मिनिटांची निकड नसली तरी महिनाभर थांबण्याचीही गोष्ट नाही. त्याच आठवड्यात डोळा तपासून घ्यावा.

आणि मोठ्यांच्या भागात एक लक्षण राहून गेले आहे. एक पापणी अचानक खाली पडली, त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि एकाचे दोन दिसू लागले, तर मेंदूतील धमनीला आलेला फुगा मज्जातंतूवर दाबत असण्याची शक्यता असते. तेथे नेत्रतज्ज्ञ शोधण्यापेक्षा रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाने स्वतः वाहन चालवून जाऊ नये.